तिकांड्याखालचा तेजोमेघ

थोरल्या भावाला घशाचा कॅन्सर निघाला. गावाकडची, पिशोरची मेंढरं चुलत्याकडं सोडून तो आणि वहिनी शहरात गारखेड्याला माझ्याकडं राहायला आले. दिवसा दवाखाना असायचा. संध्याकाळी जेवणं झाली की मी गच्चीवर दुर्बीण लावायचो. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा फोटो काढायचं मी त्या हिवाळ्यात मनावर घेतलं होतं. दादा घोंगडी पांघरून शेजारी बसायचा. उभा जन्म मेंढरांमागं उघड्यावर झोपलेला माणूस. मृगाचे ते तीन तारे त्याला तिकांडं म्हणून ठाऊक होते.

एकदा त्यानं दुर्बिणीला डोळा लावला, मग लॅपटॉपवरचा लालभडक फोटो पाहिला.

"मला तर नुसतं धुरावानी दिसलं. हा रंग तू भरला का?" आवाज तेव्हाच बसत चालला होता.

"नाय दादा. आपल्या डोळ्याला तेवढा उजेड धरता येत नाय. कॅमेरा पाच-पाच मिनिटं उघडा ठेवला की उजेड साचत जातो."

त्यानं स्क्रीनवरून बोट फिरवलं. "लई वर्षं झोपलो रे मी याच्याखाली."

त्यानंतर तो रोज यायचा. जिना चढताना दोनदा थांबायचा, पण यायचाच.

एका संध्याकाळी त्याला खोकल्याची उबळ आली. आधारासाठी त्यानं हात टाकला तो नेमका दुर्बिणीच्या तिवईवर. फोटो हलू नये म्हणून दोन तास दुर्बिणीत धरून ठेवलेला तारा निसटला.

"दादा, खाली जाऊन खोक ना!" मी ओरडलो.

त्यानं तोंडावर घोंगडी धरली आणि भिंतीला धरत जिना उतरला. मी तारा पुन्हा शोधत बसलो. खाली गेलो तेव्हा तो भिंतीकडं तोंड करून झोपला होता, किंवा तसं दाखवत होता.

दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, "चल की वर." त्यानं मानेनंच नको म्हटलं. आठवड्याभरात आवाज पुरता गेला. होळीच्या आधी तो गेला.

फोटो मात्र पुरा झाला. चांगला आला.

दहाव्याला पिशोरला वहिनी माझ्याजवळ येऊन बसली. "भाऊजी, तुमच्या गच्चीवर लई जीव होता त्यांचा. मंग एकाएकी जायचं का सोडलं, कळलंच नाय. तुम्हाला काय बोलले का?"

"नाय," मी म्हणालो. "काय नाय बोलला."

ते खरंच होतं. तो काहीच बोलला नव्हता.