साहेबांच्या केबिनमधला गारवा

त्या दिवशी दुरुस्तीसाठी वीज बंद राहणार, हे आमच्या कपड्यांच्या कारखान्यात आठवडाभर आधी सगळ्यांना ठाऊक होतं. ‘कामगारांची सुरक्षितता हेच आमचं कर्तव्य’ असा फलकही जिन्यात लागला. वीज गेल्यावर केबिनच्या काचेतून मला दिसलं, की जनरेटरवर साहेबांचा एसी चालू आहे आणि त्यांच्या माशांच्या पेटीत बुडबुडेही येताहेत. म्हणजे काळजी घेता येत होती या माणसाला! किळस त्याचीच आली.

मशिनी बंद, म्हणून आम्हा बायकांना हातानं धागे कापायला बसवलं होतं. पंखे बंद. कापडावर धूळ नको म्हणून खिडक्याही बंद. दुपारी दम्याची लता बसल्या जागी कलंडली. आमच्या मुकादम नलिनीताईंनी आणि मी तिला उचलून थेट केबिनमध्ये नेलं.

“अहो, इथे पार्टी यायचीय आत्ता!” साहेब ओरडले.

“येऊ दे की. कपडे कोण शिवतं ते त्यांनाही दिसेल,” म्हणत नलिनीताईंनी लताला साहेबांच्याच खुर्चीत बसवलं आणि तिचा पंप तोंडाला लावला.

माणसं निर्दयी असतात असं म्हणतात. मला वाटतं, दया त्यांच्याकडेही असते. फक्त ती केबिनबाहेर पडत नाही.

हळूहळू लताचा श्वास जागेवर आला. डोळे उघडताच ती घाईनं उठू लागली. “माफ करा साहेब,” ती म्हणाली, “तुमच्या खुर्चीत बसले.”

आणि साहेबांनी मोठ्या मनानं तिला माफ केलं.