कोऱ्या कापडाचं शून्य
नव्वदच्या दशकात रोह्याजवळच्या आमच्या गावी संशोधक आले. रानातल्या गोचिडांमुळे ताप पसरतो का, हे त्यांना तपासायचं होतं. मदतीला गावचाच माणूस हवा होता, बिनपगारी. मी कंपनीच्या स्टोअरमध्ये कामाला, आकडे लिहायची सवय असलेला, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

काम सांगायला सोपं. काठीला बांधलेलं पांढरं कापड टेकडीच्या गवतावरून ओढायचं, दर दहा पावलांनी उलटून पाहायचं, चिकटलेले गोचीड चिमट्यानं काचेच्या नळीत टाकायचे आणि कार्डावर आकडा लिहायचा. दर गुरुवारी, पहिली शिफ्ट करून आल्यावर, दोनशे पावलं. पाय ओढत घरी यायचो. पायजम्यात शिरलेली कुसळं काढता काढता बायको म्हणायची, "गोचीड मोजता, ही पण मोजा."

टेकडीखाली सात घरांची आदिवासी वाडी होती. शुक्रवारी संशोधकांची जीप नळ्या न्यायला तिथं यायची. तिच्यातून येणाऱ्या नर्सबाई तापाची चौकशी करायच्या आणि जाता जाता एका म्हाताऱ्याच्या पायाची जुनी जखम धुऊन पट्टी बांधायच्या. एरवी त्यासाठी त्याची म्हातारी त्याला एसटीनं रोह्याला न्यायची. तिची त्या दिवसाची मजुरी जायची.

गवत वाळलं तसं कापड कोरं यायला लागलं. लागोपाठ तीन शून्यं झाली. संशोधक म्हणाले, "अजून एक आठवडा पाहू. नाहीतर कोलाडकडे जाऊ."

त्या गुरुवारी म्हातारी आपणहून काठीचं दुसरं टोक धरून चालायला लागली. मी कापड उलटलं, तर अकरा गोचीड.

"बघा! हायत का नाय?"

मी वाकून पाहिलं. तुरीच्या दाण्याएवढे, टम्म फुगलेले. गवतावर वाट बघणारा गोचीड उपाशी असतो, तिळासारखा चपटा. हे संशोधकांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

"मावशी, हे तुमच्या शेळीच्या अंगावरचे."

"मंग? गोचीडच हायत ना? कार्डावर शेळीचा रकाना हाय काय?"

"नाही."

"तर लिवा की. मला लिवता येत असतं, तर तुम्हाला इचारलं पन नसतं."

मी चिमट्यानं अकराही काढून टाकले. मग शून्य लिहिलं आणि खाली: शेळीवरचे अकरा, धरले नाहीत.

"लय इमानी हाय तुमचं शून्य," ती म्हणाली. "त्याला म्हनावं, आता म्हाताऱ्याला पाठंगुळी घे."

दुसऱ्या दिवशी जीप शेवटची आली. मी नर्सबाईंकडून जखम धुवायला आणि पट्टी बांधायला शिकून घेतलं. पुढच्या गुरुवारपासून कापड नव्हतं, पण शिफ्टनंतर वाट तीच राहिली. म्हातारी उकळून निववलेलं पाणी आणून ठेवायची आणि तोंड फिरवून बसायची. मी उरलेल्या कार्डांच्या पाठीवर जखमेची लांबी लिहायचो. सुरुवातीला चार सेंटिमीटर होती. होळीच्या सुमाराला तीन झाली आणि तिथंच अडून बसली.

एका गुरुवारी म्हातारीनं तोंड इकडे केलं. "आज किती?"

"तीन."

"मागल्या येळी पन तीनच होतं. जरा कमी लिवा की, भाऊ. त्याला बरं वाटंल."

म्हातारा माझ्याकडेच बघत होता. मी पुन्हा मोजून पाहिलं. तीनच लिहिलं, आणि नवी पट्टी गुंडाळायला घेतली.