नोटिशीतला खालचा परिच्छेद

बायको गेली, तिला हे माहीत नव्हतं. मुलांना माहीत नाही. तुम्हाला सांगायला बसलोय खरा, पण अजूनही कचरतोय — कारण ही गोष्ट मी आजवर एकदाही तोंडातून बाहेर पडू दिलेली नाही.

एकाहत्तर साल. आमचं गाव बेळगावपासून सायकलनं तासाभरावर, डोंगराच्या पायथ्याला. मी नुकताच पंचायतीत कारकून म्हणून लागलो होतो. लागताना विचारलं होतं, कन्नड वाचता येतं का? मी हो म्हणालो. अक्षरं लागायची, तारखा लागायच्या, सोपी वाक्यं ओढूनताणून कळायची. त्याला वाचता येणं म्हणतात का? पण आम्ही सगळेच मराठी शाळेत शिकलेले. मला तपासणार कोण?

लढाईची हवा होती. बेळगावच्या लष्करी कॅम्पातून फौजेच्या गाड्या डोंगराकडं जायच्या, तोफांचा सराव चालायचा, घराची कौलं थरथरायची. सरावाआधी पंचायतीला कन्नडमध्ये नोटीस यायची आणि ती मी मारुतीच्या देवळापुढं उभा राहून मराठीतून सांगायचो. त्या खेपेची नोटीस नेहमीपेक्षा लांब होती. सोमवार, मंगळवार, दोन दिवस डोंगरावर जाऊ नये — एवढं मला लागलं. खाली एक मोठा परिच्छेद होता. तो लागला नाही.

शाळेत कन्नडचे मास्तर होते. दोन मिनिटांचं काम. पण विचारायला गेलो असतो तर त्यांना कळलं असतं — आणि मग माझी नोकरी? नाही, हेही खोटं. नोकरी गेली नसती. मला लाज वाटली, एवढंच. मी देवळापुढं दोन दिवस सांगितले आणि कागदावर सही केली: नोटीस पूर्ण वाचून दाखवली.

बुधवारी पारूआक्का लाकडाला गेली. ही आमची शेजारीण, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. नवरा, यशवंतदाजी, फौजेत, तेव्हा सरहद्दीवर. ओढ्याच्या काठचं गवत जळून काळं पडलेलं, मोडलेल्या फांद्या जागोजाग. तिनं मोळीसाठी एक फांदी ओढली. खाली न फुटलेल्या दारूगोळ्याचा तुकडा होता. आवाज गावात ऐकू आला. आम्हाला वाटलं, सराव अजून चाललाय.

तिचा उजवा हात मनगटापासून गेला.

खालच्या परिच्छेदात काय होतं ते मला चौकशीच्या दिवशी कळलं. सराव संपल्यावरही आठ दिवस, डोंगर साफ होईपर्यंत, कुणी वर जाऊ नये. आलेल्या साहेबांनी कन्नडमध्ये विचारलं, हे सगळं वाचून दाखवलं होतं ना? मी म्हणालो, ‘हौद्री.’ होय साहेब. तेवढं कन्नड मला येत होतं.

गावात विचारलं, तर कुणाला दोन दिवस आठवत होते, कुणाला काहीच नाही. आणि लढाईच्या दिवसांत फौजेच्या कामाबद्दल बोलणार कोण? डोंगर साफ करायचं काम लष्कराचं, वनखात्याचं की पंचायतीचं, यावर कागद बरेच महिने फिरले आणि शेवटी माझ्या सहीपाशी येऊन थांबले. सूचना दिली होती. बाई स्वतःच्या जबाबदारीवर गेली. भरपाईचा अर्ज नामंजूर.

यशवंतदाजी लढाईतून धडधाकट परत आले. घरी बघतात तर बायकोला हात नाही. माझ्या दारात येऊन त्यांनी शांतपणे विचारलं, आठ दिवस सांगितलं होतंस का. मी हो म्हणालो. त्यानंतर मधल्या भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं — सांगूनसुद्धा गेलीस, तुला अक्कल न्हाय. भाकरी करपली की तेच, घागर सांडली की तेच. वर्षानुवर्षं. मी अलीकडं जेवत बसलेला असायचो. उठून गेलो का कधी? नाही.

पुढं मी कन्नड शिकलो. चांगलं शिकलो, खात्याची परीक्षा दिली, तालुक्याच्या कचेरीत गेलो. बारा-तेरा वर्षांनी सरकारनं त्या डोंगरावर झाडं लावायचं ठरवलं, तेव्हा जमीन धोक्याची आहे का हे बघायला जुन्या फायली निघाल्या. त्यांत पारूआक्काचा अर्जही निघाला, आणि फेरविचारासाठी माझ्याच टेबलावर आला. मी अभिप्राय द्यायचा होता.

तिला कुणीतरी सांगितलं असावं. ती कचेरीत आली, हात पदराखाली झाकून बाकावर बसली. भरपाईचं काही विचारलं नाही.

‘आप्पा, तू दोन दीस म्हणालतास, न्हवं?’

खोलीत आम्ही दोघंच होतो. एक ‘व्हय’ पुरला असता.

‘आठ म्हणालतो, आक्का.’

ती माझ्याकडं बघत राहिली. नजरेत संशय नव्हता — असता तर मला सोपं गेलं असतं.

‘मग माजंच चुकलं असंल रं,’ ती म्हणाली, आणि उठून एस.टी. धरायला गेली.

मी अभिप्राय लिहिला. नोटीस पूर्ण वाचून दाखवली होती, असं. शुद्ध कन्नडमध्ये, एकही चूक न करता.

पारूआक्का आता नाही. यशवंतदाजीही नाहीत. तिला बरोबर आठवत होतं. मी दोनच दिवस म्हणालो होतो.