मेहुण्याची चप्पल आणि आमची काळी माती

रत्नागिरीचा माझा मेहुणा ऐन पावसाळ्यात आमच्या परभणीच्या शेतात चपला घालून उतरला. दहा पावलांत चिखलाने वीतभर उंच झाला आणि एक चप्पल तिथेच रुतवून परतला. वर म्हणाला, "भावोजी, असल्या मातीत माणसं राहतात तरी कशी?" मी अबोला धरला.

खरं तर खडक दोन्हीकडे एकच, काळा. कोकणच्या पावसाने त्यातलं बरंच धुऊन नेलं, मोकळी तांबडी माती उरली. आमच्याकडे पाऊस बेताचा, फारसं काही वाहून गेलंच नाही. म्हणून आमची माती पाण्याने फुगते, उन्हात भेगाळते आणि धरलेलं सहजी सोडत नाही. बायकोही तिकडचीच, भांडली तरी तासाभरात चहा विचारते.

परवा भर उन्हाळ्यात भेगेत ती चप्पल दिसली. बायको म्हणाली, "बघा, मातीनेसुद्धा सोडली. तुमचा अबोला कधी सुटायचा?"