गुग्गुळाची सोबत

आज सकाळी खिडकीतल्या गुग्गुळावर मोहरीएवढा हिरवा ठिपका दिसला आणि तिकडे माझा चहा उतू गेला.

हे रोप आमच्या रेवतीनं, म्हणजे सुनेनं, राजस्थानच्या वाळवंटातून आणलेलं. ती औषधी झाडांच्या मुळांचा अभ्यास करते. रोप कसलं, काटेरी काडीच ती! आता आमच्या घरात मेथीची जुडीसुद्धा धुतल्याशिवाय आत येत नाही. मी याचीही मुळं नळाखाली चोळून लख्ख केली.

रेवती बघतच राहिली. "अहो आई, ती काय मुळ्याची भाजी आहे?"

मग तिनं सांगितलं, त्या मुळांत चांगले जिवाणू असतात. पाण्यावाचून तग धरायला तेच झाडाला मदत करतात. मी मोरीकडे बघितलं. "म्हणजे मी सगळ्यांना मोरीत वाहवलं गं?"

"बाहेरचे गेले असतील. पण काही मुळाच्या आतच राहतात, ते नाही जायचे. बघू या, जगतंय का."

तेव्हापासून रोज त्याच्याकडे डोळे लावून बसायचे. बसल्या बसल्या वाटायचं, मी तरी वेगळी कुठं? दुष्काळी माणदेशातून लग्न होऊन इथं कोकणात आले. पायांची माती दारातच धुतली गेली. पण तांब्याभर पाण्यात भांडी लख्ख करायची आईची रीत, कशातही हसू शोधायची आत्याची खोड, त्या कुठल्या पाण्यानं जायच्या? अडीनडीला अजून त्याच धावून येतात.

ठिपका बघून रेवती ओरडली, "आई, जगलं!"

म्हटलं, "जगणारच. एकटं थोडंच आलं होतं?"