देशमुखकाकांचा शनिवार

देशमुखकाका दर शनिवारी सकाळी शिकारीला जात आणि शिकार करायची नाही, हे घरूनच ठरवून जात. शनिवार मारुतीचा. त्या दिवशी ते अंडंही खात नसत, मग जीव घेणं दूरच. रविवारी जावं, तर नॉर्थ कॅरोलायनात तेव्हा रविवारी बंदुकीने शिकार करायला कायद्याने बंदी होती; तो दिवस चर्चचा. सोमवार ते शुक्रवार काका एका कंपनीचे डेटाबेस सांभाळत. अशा रीतीने मारुती, येशू आणि मॅनेजर या तिघांनी मिळून आमच्या कॅरी गावाच्या आसपासचे ससे सुखरूप ठेवले होते.

आम्ही त्यांचे शेजारी. मी तेव्हा सहावीत होते आणि घरी बसून मराठीची बाराखडी गिरवण्यापेक्षा शिकार बरी, म्हणून त्यांच्याबरोबर जायची. गावाबाहेरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने काकांना त्याच्या रानात हिंडायची परवानगी दिली होती. डोक्यावर शिकाऱ्यांना कायद्याने लागणारी केशरी टोपी, अंगात केशरी जाकीट, खांद्यावर रिकामी बंदूक आणि पिशवीत काकूंनी दिलेली साबुदाण्याची खिचडी. "आज फक्त पाहणी," काका म्हणायचे. "शिकाऱ्याला आधी रान पाठ पाहिजे." मग अमरावतीकडच्या लहानपणाच्या गोष्टी सुरू होत. वडिलांबरोबर मारलेले तितर, ससे, आणि गावभर गाजलेला काकांचा नेम. त्या गोष्टी ते इतक्या मोठ्याने सांगत, की अर्ध्या मैलावरचे ससेही ऐकून निघून जात असणार.

काकूंना घरात बंदूक मुळीच पसंत नव्हती. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शुक्रवारी सुट्टी असते आणि कुठल्याच देवाची हरकत नसते. त्या दिवशी एक तरी ससा आणा, नाहीतर बंदूक विका, असं त्यांनी एकदा बजावलं. काकांचा चेहरा पडला. ती बंदूक अगदी त्यांच्या वडिलांच्या बंदुकीसारखी होती आणि तिच्यावर त्यांचा फार जीव होता.

शुक्रवारी बंदूक भरलेली होती आणि काका पहिल्यांदाच गप्प होते. काटेरी झुडपातून एक ससा बाहेर आला आणि आमच्यासमोर बसला. काकांनी नेम धरला. बराच वेळ काहीच झालं नाही.

"काका, मारा ना," मी कुजबुजले.

"बसलेल्याला मारत नसतात पोरी. पळू दे त्याला."

ससा पळाला. काकांनी बंदूक खाली घेतली.

"आता काय झालं?"

"पळणाऱ्याच्या पाठीवर बार टाकत नसतात."

परतताना गाडीत ते हळूहळू बोलले. लहानपणी वडिलांनी पाडलेला ससा उचलून आणायचं काम त्यांचं. एकदा तो हातात अजून धडधडत होता. वडिलांनी मान मुरगळायला सांगितली, यांनी मुरगळली आणि शाबासकी मिळवली. "मला ती शाबासकी आवडली होती," काका म्हणाले, "याचंच वाईट वाटतं." त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

घरी काकूंनी त्यांचे रिकामे हात पाहिले, चेहरा पाहिला आणि बंदुकीचं नावही न काढता जेवायला वाढलं.

पुढे काकांना ॲरिझोनात, चँडलरला नोकरी मिळाली. बंदूकही सोबत गेली. महिन्याभराने काकूंचा फोन आला. आईने फोन स्पीकरवर टाकला आणि आमचे शिकारी काय म्हणतात, असं विचारलं.

"अगं, आधी यांना दर शनिवारी मटण लागायचं," काकू म्हणाल्या. "बंदूक घेतली त्या आठवड्यात यांनी शनिवार धरला. आता इथे रविवारीही शिकार चालते असं कळलं, तर लगेच रविवारही धरलाय. खंडोबाचा."