आत्याची पाठ

आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, की जमलेल्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, हे आपल्याकडचं बारशाचं कौतुक. काल नातवाच्या बारशाला आत्या म्हणून माझी लेक पाळण्यावर वाकली, नाव सांगितलं आणि धपाटे पडायच्या आधीच तिचा हात मागे कमरेवर गेला.

लेक फौजदार आहे. तिनं पकडलेल्या एका गुंडानं धमकी दिली, तेव्हापासून ड्युटी नसतानाही तिला पिस्तूल जवळ ठेवावं लागतं. ड्युटीवरचं मोठं, ते साडीत लपत नाही, म्हणून घरच्यासाठी तिनं लहान, चपटं निवडलं. पदराखाली दिसतंय का, हे मलाच बघायला लावलं होतं. ब्लाऊजची पाठ बघावी तसं मी ते बघितलं आणि म्हणाले, "बसलंय हो नीट."

"हात काढ की गं फौजदारीणबाई, आज तुलाच अटक!" बायका हसत होत्या.

"काकू, नको. खरंच नको," ती म्हणाली. हात काही काढला नाही.

माणूस निवांत वाकतो, ते पाठीमागं आपली माणसं आहेत या भरवशावर. तो भरवसा कमरेला बांधून मिळतो का हो?

मग मीच पुढे झाले, लेकीला मागून मिठी मारली आणि म्हटलं, "घाला गं, माझ्या पाठीत घाला."

धपाटे पडत होते, आणि तिच्या कमरेचं ते टणक लोखंड माझ्या पोटाला रुतत होतं.